अंदमानच्या चित्रकाराचा सत्कार

आमच्या मामाचा पोरगा सम्राट आता मोठा चित्रकार झालाय. बेटंच काढतो. निळं पाणी, नारळीची झाडं, पांढरी वाळू. शिक्रापूरच्या नव्या बंगल्यांत हॉलमधी त्याचीच बेटं टांगलेली असत्यात. हा पठ्ठ्या अंदमानला गेला एकदाच, कंपनीच्या ट्रिपला, चार दिवस. त्यातले दोन बोटीत उलट्या करण्यात गेले.

त्याच्या हातात ब्रश दिला तो आमच्या आईनं, चांगुणानं. ती त्याची सख्खी आत्या. माझे वडील गेल्यावर आईनं त्यांचे रंगाचे डबे उचलले आन् निमोण्यापासनं कवठ्यापर्यंत भिंती रंगवल्या. बियाण्याच्या जाहिराती, शाळेतले नकाशे, जयंतीचे बोर्ड. शिडीवर बाई चढलेली बघून लोक हसायचे. हसू देत! सम्राट वाढला आमच्याच घरी. उन्हाळ्यात भीमेचं पाणी उतरलं की आई त्याला एसटीनं दौंडला न्यायची. नदीच्या पात्रात एक बेट उघडं पडायचं, चार बाभळी आन् बगळेच बगळे. पाण्याचा खरा रंग कंचा, वाळू कुठं संपते, हे ती त्याला दिवसदिवस बघाय लावायची, मग काढाय. अशी पाच वर्षं. भाकरी बांधून मी संगट असायची, म्हणून छातीठोक सांगते.

गेल्या रविवारी शिरूरला त्याचा सत्कार झाला. आई सकाळीच इस्त्रीची साडी नेसली आन् पहिल्या रांगेत जाऊन बसली. "नाव घेईल का गं माझं?" मला तीनदा विचारलं. उभ्या जन्मात त्याच्याकडं दुसरं काही मागितलं न्हाई तिनं.

सम्राटनं माईक धरला. म्हणे, माझ्यावर फ्रेंच चित्रकारांचा प्रभाव हाय. म्हणे, मुंबईच्या थोर गुरूंनी मला घडवलं. तीन दिवसांचं शिबिर होतं ते, जेवणासकट! म्हणे, अंदमानच्या बेटांनी मला प्रेरणा दिली. भीमा न्हाई, दौंड न्हाई, आत्या तर न्हाईच न्हाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाज कशी वाटत न्हाई मेल्याला! आई मात्र हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

मग नव्या चित्रावरचा पडदा सरकवला. टाळ्या वाजल्या. आई उठली. मला वाटलं, निघाली घरी. तर ती सरळ स्टेजवर चढली आन् चित्राला नाक लावून बघाय लागली.

"ह्या नारळीची सावली इकडं, त्या नारळीची तिकडं. अंदमानला सूर्य दोन हायत का रं?"

सगळा हॉल खदाखदा हसला. सम्राटच्या तोंडापुढं माईक तसाच होता.

"चुकलं, आत्या," तो मान खाली घालून बोलून गेला.

प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

सम्राटनं तोंड उघडलं, पर आईनं त्याला बोलू दिलं न्हाई.

"मी कुणी न्हाई," ती त्याच्याकडंच बघत म्हणाली. "तुम्ही सावली तेवढी नीट करून घ्या, साहेब."