दोन पलंगांची खोली

"ताई, इथं तर दोन खाटा हायेत."

दुपारचे पावणेतीन वाजले होते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत मी एका ग्रुपचे पासपोर्ट स्कॅन करत होते. फोनवर ढोमसेकाका होते, निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. नाव मी बदललंय. त्याच दिवशी सकाळच्या विमानाने ते आणि काकू गोव्याला गेले होते, अगदी समुद्राला लागून असलेल्या एका खूप जुन्या हॉटेलात. बुकिंग मी केलं होतं.

"हो काका, ट्विन बेड आहेत. दोघांना आरामात झोपता येईल."

"नाय ताई. एकच पाहिजे." मग त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "थांबा, बाहेर येतो. ती शेजारीच बसलीय."

ते बाहेर येईपर्यंत थोडं सांगते. हॉटेल बुकिंगच्या फॉर्मवर 'बेडिंग' असा एक कॉलम असतो. डबल म्हणजे एक मोठा पलंग. ट्विन म्हणजे दोन लहान, मध्ये जागा सोडून. यातलं काय हवं, ते गेस्टला विचारायचं असतं. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी हे शिकवतात. मी विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी दोघं ऑफिसमध्ये आले होते. काकांनी पिशवीतून कॅलेंडरचं एक पान काढून टेबलावर पसरलं. बागेवर फवारायची औषधं बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं ते, घड्यांवर पांढरं पडलेलं. चित्रात एक लांबच लांब व्हरांडा, पांढरे खांब, वेताच्या खुर्च्या, आणि खांबांच्या मधून समुद्र.

"हेच हॉटेल पाहिजे," काका म्हणाले. "अन् हाच व्हरांडा. खरडछाटणीच्या आत जाऊन यायचंय."

खरडछाटणी म्हणजे माल निघाल्यावर उन्हाळ्यात वेली छाटतात ती. त्या दिवसांत बागायतदार कुठे हलत नाही.

काकू मग पहिल्यांदा बोलल्या. "बारा महिने संपले तरी मी हे स्वयंपाकघरातून काढलं नाय. सासूबाई म्हणायच्या, देवाचं लाव. मी म्हटलं, देव हायेत की तिकडच्या भिंतीला. तुझं नाव काय गं?"

मी नाव सांगितलं. चहा येईपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं, ऐकायला कमी येतं. दुसऱ्यांदा मी जरा मोठ्याने सांगितलं.

ते हॉटेल शोधायला मला दोन दिवस लागले. व्हरांडा जुन्या विंगमध्ये होता आणि त्यावर उघडणाऱ्या खोल्या फक्त आठ. त्यातली एक मिळाली. काकांना फोन करून सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की पुढचं विचारायला माझी जीभ रेटेना. आजोबांच्या वयाच्या माणसाला 'पलंग एक हवा की दोन' असं कसं विचारायचं? माझे आजी-आजोबा वेगवेगळ्या खोल्यांत झोपायचे. मी ट्विनवर टिक केली, आणि वर स्वतःला समजूतदार समजले.

फोनमध्ये आता लाटांचा आवाज येत होता.

"ताई, तिला विसरायला होतंय," काका म्हणाले. "वरीस झालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव पण सांगितलंय. रात्री उठते अन् चालायला लागते. दोनदा बागेत सापडली. म्हणून मी तिचं मनगट धरून झोपतो. ती हालली की मला जाग येते. इथं दोन खाटांच्या मधी एवढं अंतर हाय, माझा हात कसा पोचंल? अन् दार उघडलं की व्हरांडा, तीन पायऱ्या, वाळू, अन् पुढं समुद्रच."

"दाराला कडी असेल ना, काका?"

"कडी काढता येती तिला. ती काय लहान पोर हाय?"

मी हातातला पासपोर्ट बाजूला ठेवला.

"समदे म्हणत होते, आता कुठं नेता तिला. मी म्हटलं, हे चित्र तिला आठवतंय तोवर नेतो. सकाळी आल्याबरोबर खांबाला हात लावून बघितलं तिनं."

"मी मॅनेजरला कारण सांगू का? ते मदत करतील."

"नको, नको. सांगितलं की तो तिच्याशी मोठ्यानं अन् सावकाश बोलायला लागंल. आमच्याकडं समद्यांनी तेच सुरू केलंय. तीन दिवस तरी लोकांनी तिच्याशी नीट बोलावं."

मला ऑफिसमधला तो चहा आठवला. बरं झालं, हे फोनवर चाललं होतं आणि माझा चेहरा काकांना दिसत नव्हता.

"अन् मी हात कशाला धरतो ते तिला ठाऊक नाय," काका म्हणाले. "तिला वाटतं, म्हाताऱ्याला आता प्रेम सुचलंय."

फोन ठेवून मी भामरे सरांच्या केबिनमध्ये गेले. भामरे सर आमचे बॉस. त्यांना मी एवढंच सांगितलं की गोव्याच्या गेस्टना एकच पलंग हवा आहे.

"विचारलं होतंस?"

"नाही."

"का?"

"लाज वाटली, सर."

त्यांनी चष्मा काढला. "मग क्लायंटला काय सांगू? सॉरी, आमची एक्झिक्युटिव्ह लाजाळू आहे?" पण रागावले नाहीत. "न्यू विंगला टाक. तिकडे सगळे डबल असतात. पाच मिनिटांचं काम आहे."

"तिकडे व्हरांडा नाही, सर."

"सगळं एका खोलीत मिळत नाही. विचार त्यांना, काय सोडायचं ते."

मी हॉटेलला फोन लावला. ड्यूटी मॅनेजरचं नाव परेरा. आमचं बोलणं इंग्रजीत झालं. जुन्या विंगच्या आठही खोल्यांत ट्विनच आहेत, ते म्हणाले. शिसवी पलंग, चार खांबांचे, हॉटेल सुरू झालं तेव्हापासूनचे. पाय फरशीत पक्के बसवलेत, त्यामुळे जोडता येत नाहीत. दोघांच्या मध्ये तिसरा पलंग टाकायला जागा नाही. न्यू विंगमध्ये एक डबल रूम रिकामी आहे, पण मागच्या बाजूला, बागेकडे.

"रिक्वेस्टचं कारण विचारू शकतो, मॅडम?"

कारण मला माहीत होतं आणि सांगायची परवानगी नव्हती. सरांची केबिन सोडली तर आमचं ऑफिस म्हणजे एक हॉल आहे. सहा टेबलं. मी जमेल तेवढ्या हळू म्हणाले, "ते एकत्र झोपतात."

"सॉरी मॅडम, लाइन क्लिअर नाही."

"ते एकत्र झोपतात!"

शेजारच्या टेबलावरच्या प्राजक्ताने टायपिंग थांबवलं.

"अच्छा, अ‍ॅनिव्हर्सरी!" परेरा म्हणाले. "मग आम्ही केक पाठवतो."

"केक नको. पलंग हवा."

"मग न्यू विंग, मॅडम. एवढंच करू शकतो."

मी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या व्हरांडा. दिवसा येऊन बसू." न्यू विंगची रूम दाखवायला हॉटेलचा माणूस त्यांना बोलवायला आला असावा. "धर जरा, नाशिकच्या ताई हायेत," असं म्हणून त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला.

"कोण? ती बारीकशी पोरगी का?"

"हो काकू."

"कशाला पळवतेस गं त्यांना उन्हाचं? खोली बदलतायत म्हणे."

"तिथे पलंग दोन आहेत ना, म्हणून."

"मग गाद्या काढून खाली टाका म्हणावं. आम्ही काय जन्मभर पलंगावर झोपलो? परवा-परवापर्यंत समदं घर खालीच झोपायचं."

मी, सर आणि परेरा, आम्ही तिघं हॉटेलच्या धंद्यातली माणसं. आमच्यातल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं. गेस्ट म्हणजे पलंगावर, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"अन् ऐक," काकू म्हणाल्या. "ते गेलेत तोवर सांगते. मी रात्री उठून जाते म्हणून ते हात धरतात माझा. मला काय कळत नाय होय? पण मला ठाऊक हाय हे त्यांना कळलं तर ते रडत बसतील. लय हळवा माणूस. तू बोलू नको."

"नाही बोलणार."

"दुपारी झोपतात ना, तेव्हा मीच धरते त्यांचा."

लाटांचा आवाज येत राहिला. मग काकूंनी विचारलं, "कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. या वेळी मोठ्याने नाही, सावकाशही नाही. एरवी बोलते तसंच.

परेरांना पुन्हा फोन लावला. गाद्या खाली म्हटल्यावर ते घाबरलेच. "आमच्या हॉटेलात गेस्ट जमिनीवर? मॅडम, कुणी फोटो काढून टाकला तर? जनरल मॅनेजर मला समुद्रात फेकतील."

त्यांचंही खरं होतं. असल्या ठिकाणी गेस्टची गैरसोय झाली असं नुसतं दिसलं तरी स्टाफची नोकरी जाते. यावर आमच्या धंद्यात एक उपाय आहे, 'गेस्ट रिक्वेस्ट, इन रायटिंग'. गेस्टने स्वतः मागितलं, असं एजन्सीने लेखी दिलं की हॉटेलच्या माणसावर येत नाही. फोनवर मला घाम फुटतो, पण ईमेल मला जमते. मी चार ओळी लिहिल्या. दोन्ही गाद्या पलंगांच्या पायथ्याच्या मोकळ्या फरशीवर एकमेकींना चिकटवून टाकाव्यात. त्यावर न्यू विंगमधली किंग साइज चादर एकच घालावी, म्हणजे मध्ये फट पडणार नाही. काकांची उशी दाराच्या बाजूला. आणि ही गेस्टची स्वतःची इच्छा आहे, जबाबदारी एजन्सीची.

शेवटच्या वाक्याला सरांची परवानगी लागते. त्यांना टेबलाशी बोलावून मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"उशी दाराच्या बाजूलाच का?"

"ते मी नाही सांगू शकत, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाठव."

दहा मिनिटांनी परेरांचाच फोन आला. हाउसकीपिंगच्या बाईंनी सांगितलंय, नुसत्या फरशीवर गार लागेल, खाली आधी सतरंज्या टाकते. त्यांची स्वतःची आई अजून खालीच झोपते म्हणे. "आणि मॅडम," परेरा म्हणाले, "माझीही."

संध्याकाळी सहाच्या आत काकांचा फोटो आला. अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठा होता. उरलेल्या अर्ध्यात काकू वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि हाताने 'बाजूला व्हा' अशी खूण करत होत्या. काका फोटो काढायला त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभे होते.

ऑफिसमधून निघाले तरी माझं लक्ष फोनकडेच होतं. गाद्या टाकणं माझ्या हातात होतं, पुढचं नव्हतं. सकाळी आठला मीच फोन केला. असं मी कधी करत नाही.

"काका, रात्री?"

"दोनदा उठली," काका म्हणाले. आवाज जागरणाचा होता, पण मजेत होता. "दोन्ही टायमाला मला कळलं. पहिल्यांदा झोपवली परत. दुसऱ्यांदा म्हटलं, चल, जायचंच हाय तर दोघं जाऊ. बसलो व्हरांड्यात. मला म्हणती, हे आपल्या स्वयंपाकघरातलं हाय."

छाटणी सुरू व्हायच्या आत ते एकटेच ऑफिसमध्ये आले. घरच्या मनुक्यांची पिशवी टेबलावर ठेवली. काकू बऱ्या आहेत म्हणाले. गोव्याला गेलो होतो हे कधी आठवतं, कधी नाही.

मग इकडे-तिकडे पाहून, माझ्याकडे वाकून म्हणाले, "एक बरं झालं, ताई. हाताचं तिला अजून कळलं नाय."

"हो काका," मी म्हणाले.

त्यानंतर बेडिंगचा कॉलम मी स्वतःच्या मनाने कधी भरला नाही. समोर कोणीही असो, नवीन लग्न झालेले असोत नाहीतर सत्तरीचे, सरळ विचारते, पलंग एक की दोन? पुष्कळ जण लाजतात. मीही लाजते. पण आता त्यांनी उत्तर दिल्याशिवाय टिक करत नाही.