तोंडावर बोट

"ओरडा रे," मी म्हणाले, आणि पोरांनी तोंडावर बोट ठेवले.

डाव्या अंगाला, दहा-बारा पावलांवर, बांबूच्या झुडपात वाघ बसला होता. तो आमच्याकडे बघत नव्हता. रांगेत सगळ्यात मागे तिसरीतली एक मुलगी होती, तिच्याकडे बघत होता. ती खाली वाकून सागाच्या पानाने बूट पुसत होती. वाकलेले माणूस त्याला माणूस वाटत नाही. मोहफुले वेचणाऱ्या बाया म्हणूनच घडीघडी कंबर सरळ करून उभ्या राहतात. हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असते. पण तिला शाळेत बुटांची तपासणी होती.

सकाळचे दहा वाजले होते, ऊन चांगले वर आले होते. तरी पाखरू बोलत नव्हते, वानर बोलत नव्हते. बुटावर घासणाऱ्या पानाचा आवाज मला इतक्या लांबून येत होता.

मी शाळेत खिचडी शिजवते. आमच्या टोलीतून, म्हणजे वस्तीतून, शाळेपर्यंतची वाट जंगलातून जाते, म्हणून अकरा पोरे रोज माझ्यासोबत येतात. पूर्वी ती ताटे बडवत, एकमेकांना शिव्या देत यायची. मग गुरुजींनी गुणी विद्यार्थ्याचा बिल्ला सुरू केला. पुठ्ठ्याचा, वर सोनेरी कागद. केसांना तेल, कापलेली नखे, स्वच्छ बूट, आणि घरापासून शाळेपर्यंत रांगेत, न बोलता चालणे. वाटेवर लक्ष ठेवायचे काम माझे. मला गोंगाट आवडत नाही, मी खुशीने केले.

नुसते लक्ष ठेवून मी थांबले नाही. मधेच म्हणायची, "बोला ना रे, गुरुजी नाईत इथी." जो बोलला त्याचे नाव शाळेत सांगायची. त्याचा बिल्ला जायचा. पहिलीतला एक पोरगा बिल्ला गेला म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. महिनाभरात पोरे पक्की झाली. मी काहीही म्हटले तरी तोंड उघडत नसत.

आता तीच अकरा पोरे माझ्यासमोर होती. दहा जणांची केस चोपडलेली डोकी, ओठांवर बोटे, आणि मागे ती वाकलेली.

"परीक्षा नोहे हे," मी म्हणाले. "खरंच ओरडा."

पुढे चौथीतला पोरगा होता. त्याने मला डोळा मारला. परीक्षा नाही, असे मी आधीही म्हणाले होते.

मी "वाघ" म्हणाले असते तर पोरे पळाली असती, आणि ती मागे एकटी राहिली असती. माझ्या एकटीच्या ओरडण्याने ती वर बघणार नव्हती. माझे ओरडणे न ऐकायला मीच शिकवले होते. झेप घ्यायला वाघाचे खांदे खाली गेले. मी चौथीतल्याच्या सदऱ्यावरचा बिल्ला ओढून काढला आणि मातीत फेकला.

"तुहा गेला," मी म्हणाले, आणि दुसऱ्याचाही ओढला.

चौथीतल्याने भोकाड पसरले. "मी नाई बोललो, आजी! मी कुठी बोललो?"

"तू आत्ता बोलून राह्यला," मागचा म्हणाला.

"तिनं फसवलं मले!"

"आजी लबाड आहे," आणखी एक पोरगी म्हणाली, आणि मग सगळीच सुटली. इतके दिवस तोंडात कोंबून ठेवलेले सगळे बाहेर आले. मागची मुलगी दोन्ही हातांनी आपला बिल्ला झाकून ताठ उभी राहिली. "माहा नको काढू," ती किंचाळली. "मी बूट पुसत होतो!"

वाघ गेलेला मला दिसला नाही. एक पानही वाजले नाही. तो बसला होता तिथले दबलेले गवत हळूहळू वर उठत होते, तेवढे दिसले. मी सगळ्यांना ओरडतच पुढे हाकले.

शाळेत गुरुजी फाटकाशी उभे होते. "एवढा कल्ला काऊन? बिल्ले कुठी आहेत?"

मी सांगितले. ते पायरीवर बसले. म्हणाले, "बाई, वाकून बूट पुसायले मीच सांगतलो होतो."

"चूप चालायले मी लावलं," मी म्हणाले, आणि चूल पेटवायला गेले.

ती मुलगी जगली. बाकीची दहा जगली. मीही जगले.