तिची वाडी

वाळूखालून येणारा पिल्लांचा आवाज मी ऐकला होता, आणि ऐकून उठून चालता झालो होतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या मगरीची ती पिल्लं होती, तिचा ठावठिकाणा बंदूकवाल्याला मीच सांगितला, हे तर कुणालाच नाही. बारा-तेरा वर्षं झाली. आता लिहितो.

आमचं गाव एदलाबादेच्या वरच्या अंगाला, तापीच्या काठावर. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की पात्रातली वाळू वाटून घ्यायची, खड्डे घ्यायचे, शेणखत घालून डांगरं, म्हणजे खरबुजं, लावायची, असा आमचा रिवाज. शिमग्यापासून ज्येष्ठ लागेपर्यंत माणसं वाळूवरच खोप्या टाकून राहत. वाटणीच्या वेळी दरडीखालची एक उतरती वाळू मात्र कुणी घ्यायचं नाही. ती डोहातल्या मगरीची. तिथे ती अंडी पुरायची. आम्ही त्या जागेला ‘तिची वाडी’ म्हणायचो. शिमग्याच्या आसपास तिथे उकरल्याच्या खुणा दिसल्या की सगळे मिळून भोवती बाभळीच्या काट्या लावत, म्हणजे कोल्ही-कुत्री अंड्यांपर्यंत जाऊ नयेत. पाण्याच्या अंगाला तेवढी वाट मोकळी ठेवायची, तिला यायला.

म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, पूर्वी डोहाडोहात मगरी होत्या. साहेब लोकांनी शिकारीच्या हौसेनं काही मारल्या, मग कातडेवाले आले. आमच्या डोहात ती एकच उरली होती. हिवाळ्यात खालच्या डोहातला एक नर वर येऊन जायचा, तेवढाच.

माझ्या शेजारी नानांची खोपी होती. नाना भोई, मासे धरायचे आणि उन्हाळ्यात डांगरं लावायचे. मगरीचं आणि त्यांचं रोजचं भांडण. जाळं फाटलं की काठावर उभे राहून ते तिला जावेसारखं बोलायचे, “खाय माय, मासे खाय, जाळं बी खाय! मी उपाशी राहतो, तू जेव! एक दिवस तुले पाहून घेईन, सांगून ठेवतो!” पलीकडून कुणी ओरडायचं, “नाना, तिले काय सांगता, नानीले सांगा!” आणि सगळी वाळू हसायची. पण काट्या तोडून आणायला पहिले नानाच निघायचे.

देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी डांगरांची गाडी घेऊन एदलाबादच्या बाजारात गेलो होतो. चहाच्या दुकानात धुळ्याकडचा एक कातडेवाला बसला होता, मोठा गप्पिष्ट. आम्ही तापीकाठचे म्हटल्यावर तो हसायला लागला.

“तुमनी तापीमा आते काय शे? बठ्ठी नदी पाही, एक शेपटी नई दिसनी. बेडूक तरी शेतस का?”

सगळी नदी पाहिली, एक शेपटी दिसली नाही म्हणे. दुकानातले सगळे हसले. मला तेवढंही सोसलं नाही. मी म्हणालो, “आमच्या डोहात या एकदा. ही एवढी आहे. वैशाखात अंड्यांपाशी येऊन बसते. काट्या लावलेल्या आहेत, लांबूनसुद्धा दिसतात.”

तो हसायचा थांबला. मग म्हणाला, “तू ते खरा मानूस शे.” मला चहा पाजला. मी घाबरून काहीतरी पुटपुटलो असेन, कारण निघताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “एक गयी ते काय भाऊ, पिल्ला शेतसच ना.” पिल्लं आहेतच की, हे मला पटलं. दर साली वाळूतून ढिगानं पिल्लं निघताना मी पाहिली होती. एवढी निघतात ती संपतील कशी, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं.

पुढच्या आठवड्यात पहाटे बार झाला. आम्ही पोचेपर्यंत कातडेवाल्याची जीप दरडीवरून निघून गेली होती. मगर काट्यांच्या मोकळ्या वाटेवर पडली होती, कातडं सोलून नेलेली. आम्हीच ठेवलेली वाट. बायका तोंडाला पदर लावून मागे सरल्या.

“जागा कोणी दाखवली?” कुणीतरी विचारलं. मग मागून आवाज आला, “नाना रोज म्हनत व्हते ना, पाहून घेईन म्हनून?”

नाना आधी हसले. त्यांना वाटलं, नेहमीची थट्टा आहे. मग सगळ्यांची तोंडं पाहिली आणि माझ्याकडे वळले. “तू सांग रे भाऊ. तुही खोपी माह्या खोपीले लागून हाये. मी कधी कुठी गेलो? कोणी आलं माह्याकडे? सांग या लोकायले.”

मी म्हणालो, “मला काय माहीत, नाना.”

एवढंच म्हणालो. नाना माझ्याकडे बघत राहिले. चिडलेसुद्धा नाहीत.

त्यांच्या घागरीतलं पाणी कुणी घेईना. पुढल्या साली त्यांना वाळू द्यायची नाही असं ठरलं. त्याआधीच ते बायको-पोरं घेऊन भुसावळला गेले, रेल्वेच्या मालधक्क्यावर ओझी उचलायला. आयुष्य पाण्यावर गेलेला माणूस.

ज्येष्ठ लागला. सातपुड्यात पाऊस झाला होता, पाणी गढूळ होऊन चढत होतं. मी खोपी मोडत होतो. तेव्हा तिच्या वाडीतून आवाज आला. वाळूच्या आतून, कोंबडीची पिल्लं गोणपाटाखाली झाकल्यावर करतात तसा, पण जरा घोगरा. एकानं केला की दुसरी करत. दर साली हा आवाज झाला की ती यायची, वाळू उकरायची आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात न्यायची. आम्ही लांबून बघत असू.

मी काट्या बाजूला सारून आत गेलो. वाळूवर हात ठेवला. खाली हालचाल कळत होती. वीतभर, फार तर हातभर खोल. हातानं उकरलं असतं तरी झालं असतं.

दरडीवरून माझे काका ओरडले, “काय करू रायला तथी? पानी वाढू रायलं, चाल!”

उकरलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुलाच एवढी का पडली? मी हात झटकले आणि वर आलो. आवाज दरडीपर्यंत येत होता. रात्रीतून वाळू पाण्याखाली गेली.

नंतर मी ती जागा बघत राहिलो. लोक म्हणत, येईल दुसरी कुठून तरी. आली नाही. नर एक हिवाळा आला, फिरला, गेला. तेव्हा कुठे मला उमगलं. पिल्लं ढिगानं निघायची खरी, पण पुढच्या शिमग्याला त्यातलं एखादंच दिसायचं, तेही पुढे टिकायचं नाही. बाकीची घारी-बगळ्यांनी, मोठ्या माशांनी नेलेली असायची. डोह पिल्लांवर चालत नव्हता. वर्षानुवर्षं जगून दर साली परत येणाऱ्या त्या एका म्हातारीवर चालत होता. एक गेली ते काय, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

दोन-तीन सालं लोकांनी तिची वाडी तशीच सोडली. मग कुणीतरी तिथे डांगरं लावली. मी गाव सोडलं, नशिराबादेत दुकान टाकलं. घरात कोंबड्या ठेवू देत नाही. बायकोला वाटतं, मला घाणीचा कंटाळा आहे.

गेल्या साली भुसावळ स्टेशनावर नाना भेटले. पाठीतून वाकलेत. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी ओझं खाली ठेवलं, नीट बघितलं आणि विचारलं, “गावाकडे जातो का रे? तिची वाडी सोडतात का अजून?”

मी म्हणालो, “सोडतात, नाना.”

“सोडाले पाहिजे,” ते म्हणाले, आणि ओझं उचलून गेले.

डोहाला मी काही परत देऊ शकत नाही. नाना मात्र अजून आहेत. त्यांना घेऊन गावी जायचं आणि त्याच वाळूवर, ऐकायला उरलेत त्या सगळ्यांसमोर सांगायचं, की जागा नानांनी नाही, मी दाखवली. हे माझ्याकडून राहिलेलं आहे.