हिरवा पेडल की काळा

ओव्हरड्राइव्हचा पेडल म्हणजे पायाशी ठेवायचा एक लोखंडी डबा. गिटारचा स्वच्छ सूर त्यातून गेला की जाडसर, घोगरा होऊन बाहेर पडतो. माझा पेडल हिरवा होता, दोन चॅनलचा. डावं बटण दाबलं की हलका घोगरेपणा, गाण्यामागे वाजवायला; उजवं दाबलं की भरगच्च आवाज, दोन कडव्यांमधला तुकडा वाजवायला. दोन वर्षांपूर्वी हैदराबादला वाजवणाऱ्या एका मित्रानं त्याचा काळा पेडल पंधरा दिवसांसाठी दिला. तोही दोन चॅनलचाच. आवडला तर अदलाबदल करू, म्हणाला.

मी परीक्षाच मांडली. बीदरच्या एका कचेरीत कारकून आहे, त्यामुळे कुठलंही काम वहीत रकाने पाडल्याशिवाय सुरू होत नाही. घरातल्या छोट्या अँप्लिफायरवर एकच ओळ आधी हिरव्यातून, मग काळ्यातून. डोक्यावरून हवाई दलाच्या तळावरचं सरावाचं विमान गेलं की थांबायचं, आणि पुन्हा तीच ओळ. हिरव्याचा आवाज मधोमध फुगलेला, गोड. पण दोन्ही चॅनलना मिळून टोनची, म्हणजे सूर बोचरा की मऊ ते ठरवणारी, एकच खुंटी, एक जमवावं तर दुसरं बिघडायचं. काळ्याला दोन्हीकडे वेगळ्या खुंट्या. आवाज सपाट, पण तार न् तार निराळी ऐकू यायची. माझी थोरली बहीण, आमची अक्का, वही चाळून म्हणाली की नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं चालायलंय.

अक्का आमच्या भीमगीतांच्या पार्टीत गाते. दिवसा अंगणवाडी, जयंतीच्या दिवसांत गावोगाव कार्यक्रम. लोक आमच्या पार्टीचं नाव विचारत नाहीत, अक्का येणार का, एवढंच विचारतात. त्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी गायला हरकत नाही म्हटलं होतं, तरी तिला पूर्वीसारखं गाता येईल का, ही धास्ती घरात सगळ्यांना होती. ऑपरेशननंतरचा पहिला कार्यक्रम ठाणाकुशनूरला ठरला.

माझी घरची परीक्षा तिथं दुपारी आवाज तपासतानाच फुकट गेली. आमच्याकडे स्टेजवर गिटारला वेगळा अँप्लिफायर नसतो. पेडलमधून वायर निघते ती थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला, आणि तिथून भोंग्यांना. पंधरा दिवस हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे. भोंग्यातून हिरवा वाजवला तर गिटार नेमकी माणसाच्या गळ्याच्या जागेवर येऊन बसली. अक्का गात होती, आणि तिचे निम्मे शब्द गिटारखाली जात होते. मग काळा लावला. गिटार मागे सरकली आणि अक्काचा आवाज पार मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला. साऊंडवाल्यानंही काळाच लाव म्हणून सांगितलं. मी वहीत काळ्यापुढे खूण केली.

चहाच्या वेळी अक्कानं मला मंडपामागे बोलावलं.

"हिरवाच लाव," ती म्हणाली.

मी समजावू लागलो, की काळ्यात तुझा आवाज किती साफ यायलाय.

"व्हय, साफ यायलाय. वरच्या ओळीला माझा गळा चिरायलाय, ते बी साफ यायलंय. हिरव्यात झाकतंय. तेवढं झाक, न्हाईतर मला गायला जमायचं न्हाई."

मला राग आला, तो स्वतःचाच. पंधरा दिवस मी तार न् तार ऐकली होती आणि घरातल्या घरात बहिणीचा गळा ऐकला नव्हता. काळा पेडल पिशवीत घातला.

संध्याकाळी अक्का सगळी गाणी गायली. मी गिटारपेक्षा तिच्याकडेच बघत होतो. ती मान किंचित खाली घेऊन श्वास भरायची, म्हणजे आता वरची ओळ येणार; त्याच्या आधीच मी उजवं बटण दाबायचो. कोणी गात असताना असा भरगच्च आवाज आणणं म्हणजे अडाणीपणा, हे कुठल्याही गिटारवाल्याला कळतं. एकदा पाय उशिरा पडला. तिचा आवाज फाटलेला मला ऐकू आला, पण समोर बसलेल्या बाया टाळ्यांनी ठेका धरून स्वतःच गात होत्या, त्यात ते निभावून गेलं.

कार्यक्रम संपल्यावर गावातले एक म्हातारे काका काठी टेकत स्टेजपाशी आले. अक्काचं गाणं ते तिच्या लहानपणापासून ऐकत आलेले.

"पोरा, अक्काला गाऊ कामून देईनास?" ते मला म्हणाले. "ऐन वरच्या ओळीला तुझा डबा ठणाणा करायलाय. आम्ही काय तुझी गिटार ऐकाया आलाव?"

चार माणसं ऐकत उभी होती. साऊंडवाला तर मान हलवत होता.

"चुकलंच काका," मी म्हणालो. "मला अजून नीट वाजवता येत न्हाई."

अक्का बाजूलाच माईकची वायर गुंडाळत होती. तिनं काकांना नमस्कार केला आणि सांगितलं, की पुढच्या वर्षी बी मीच येणार हाय.