वहिनीच्या टाळ्या

व्यापाऱ्यांच्या त्या संमेलनाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली, अजून फिरतं.

व्हिडिओचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी मी सिविल लाइंसच्या हॉलमध्ये कॅमेरे लावून राहिली होती. माइकचा आवाज थेट कॅमेऱ्यात कसा घ्यायचा, मागचा कॅमेरा किती उंच ठेवायचा, सगळं आधीच पाहावं लागतं. संयोजकाचं मात्र एकच, "दीदी, कैमरामैन कब आएगा?" अरे बापा, समोर उभी आहे ना मी!

माझ्यासोबत वहिनी आली होती. शहराच्या रांझी भागात आमच्या घरी ती शेजारच्या बायकांना घेऊन कामगारांचे हातमोजे अन् एप्रन शिवते. तेव्हा काम आटलं होतं, बायका घरी बसायच्या बेतात होत्या. संमेलनात शहरातल्या व्यापाऱ्यांसमोर तिला पाच मिनिटं बोलायला देणार होते. मशीन चालवता चालवता ती ते हिंदी भाषण घोकायची. त्या दिवशी चांगली साडी नेसून, पर्समध्ये एक हातमोजा घेऊन माइक पाहायला आली.

संयोजक तिच्याकडे न पाहताच म्हणाला, "भाभीजी, आपका भाषण इस बार नहीं हो पाएगा. मुख्य अतिथि का टाइम बढ़ गया. आप बस गुलदस्ता दे देना."

वहिनी म्हणाली, "अच्छा." फक्त अच्छा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तर तिनं माझा हात दाबला.

वरून त्या माणसाला लाज नाही. लाइट अन् आवाज तपासायला मुख्य अतिथीच्या जागी कोणाला तरी उभं करायचं होतं, तर म्हणतो, "भाभीजी, आप ही खड़ी हो जाओ. कुछ भी बोल दो, हैलो-हैलो." अन् फोन कानाला लावून बाहेर गेला.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. वहिनीनं पदर सारखा केला अन् "नमस्कार, मैं रांझी से आई हूँ" इथून अख्खं भाषण म्हटलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर! कुठे अडखळली नाही. हातमोजा उलटा करून आतली शिवण दाखवली. खुर्च्या लावणारे टेंटवाले, झाडूवाली बाई, सगळे काम सोडून ऐकत राहिले अन् शेवटी अशा टाळ्या वाजवल्या की हॉल दणाणला. तेवढ्यात संयोजक आत आला. "हो गया? चलो, बढ़िया," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुख्य अतिथी ऐन जेवणाच्या वेळेला उगवले. ते बोलून राहिले अन् माणसं जेवणाकडे सरकून राहिली. भाषण संपलं तेव्हा पुढच्या सोफ्यांवरच्या चार जणांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या.

फिल्म पाहायला संयोजक माझ्याकडे आला. त्या चार जणांच्या टाळ्या आल्या तिथे त्याचं तोंड वाकडं झालं. मग एकदम आठवलं त्याला. "दीदी, उस दिन टेंटवालों ने ताली बजाई थी ना? उसकी आवाज़ यहाँ लगा दो. किसको पता चलेगा?"

"नहीं लगेगी."

"क्यों?"

"वो मेरी भाभी की है."

तो हसला. मी गंमत करून राहिली, असं वाटलं त्याला. मग डोळे वटारले, "आगे का काम सोच लेना." सोच लिया, म्हटलं, अन् दार दाखवलं. जसं घडलं तशीच फिल्म दिली. त्यात भाषण संपतं अन् मागून ताटांचा आवाज येतो.

वहिनीचं भाषण मी तिच्या मोबाइलात टाकून दिलं. ते घेऊन ती दुकानोदुकानी फिरली, मीही सोबत होती. एका मोठ्या दुकानदारानं ते शेवटपर्यंत पाहिलं अन् कपाळाला आठ्या घालून विचारलं, "भाभीजी, ये आपने कब बोला? हम तो सम्मेलन में पूरे टाइम बैठे थे."

"आप लोग एक दिन बाद आए थे, भैया," वहिनी म्हणाली, अन् पर्समधून हातमोजा काढून त्याच्यापुढे उलटा केला.