बांगड्या भरणारा हात

दिंडोरी मागे पडून तास झाला तरी हमीदाभाभीने बांगड्यांच्या पेटीचा खांदा बदलला नव्हता. डाव्याच खांद्यावर. चैत्रात आम्ही दहा-बारा जणी नाशिकहून सप्तशृंगीच्या गडावर पायी जातो. भाभी दिंडोरीची, बांगड्या भरते. तिथून आमच्याबरोबर चालते. देवीला वाहायचा हिरवा चुडा मी अकरा वर्षं तिच्याकडूनच घेते.

मी पेटी मागितली तर म्हणाली, पुण्य सगळं तूच नेशील का? मग थोडं चालल्यावर आपणच सांगायला लागली.

दिवाळीनंतर नाशिकच्या एका दवाखान्यात तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिथं एक अभ्यास चालू होता. हुंगवून द्यायच्या भुलीची दोन औषधं. कोणत्या औषधानंतर हातापायांत लवकर ताकद येते, ते बघायचं. भाभीने सही केली. शुद्धीवर आल्यापासून तिचा उजवा हात मात्र कमजोर. भुलीने, की टेबलावर दबून राहिल्याने, ते तिला ठाऊक नाही. दर महिन्याला सायली नावाच्या डॉक्टर फोन करून विचारायच्या, हात कसा आहे? भाभी म्हणायची, बरा आहे. इतक्या मायेनं विचारणाऱ्या पोरीपुढे रडगाणं काय गायचं! चार फोन झाले. चारही वेळा कागदावर बरा.

आणि गेल्या आठवड्यात एका सात महिन्यांच्या गरोदर सुनेला चुडा भरताना भाभीची पकड सुटली. तीन बांगड्या फुटल्या, एक काच सुनेच्या मनगटात रुतली. सासूने उरलेला चुडा दुसरीकडे भरून घेतला. तेव्हापासून गल्लीतल्या बायका भाभीच्या दारावरून पुढे जातात.

अभ्यास चालू असेपर्यंत सांगितलेल्या दुखण्यावर दवाखाना फुकट इलाज करतो. पण आता खरं सांगायचं म्हणजे चार वेळा खोटं बोलल्याचं कबूल करायचं.

"सांगून टाक की," मी म्हटलं. "रागावतील, त्यापलीकडे काय?"

"तुला सोपं हाय, ताई. कुणी कसं हाय विचारलं की माझ्या तोंडातून बरं हाय असंच निघतं. ठरवून बसते, तरी निघतं. काय करू?"

मी मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं आणि पेटी तिच्या खांद्यावरून काढून घेतली. या वेळी ती नको म्हणाली नाही.

पदराने घाम टिपून म्हणाली, "सोमवारी शेवटचा फोन येणार. मंग कागद बंद. त्या दिवशी मी तुझ्या घरी येते. मी बरं हाय म्हटलं ना, की माझ्या हातातून फोन घे, आणि त्यांच्यासमोर मला खोटं पाड."