पडद्यावर लिहिलेलं आणि मी वाचलेलं

मी थापा मारतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त त्याला 'नाना गोष्ट सांगतात' असं म्हणायची पद्धत आहे. संध्याकाळी दिवा लागला की पुतणे, भाच्या, शेजारची दोनचार पोरं ओट्यावर जमतात, मी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवतो आणि एखादं भूत बोलावतो. बायको आतून ओरडते, "अहो, जरा बेतानं! धाकटी अंथरूण ओलं करते, धुवायचं मला असतं." हे सगळं राजरोस चालतं. पण एक थाप अशी आहे की ती थाप होती, हेच मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की दुसरं काही? असो.

झालं असं की गेल्या आठवड्यात माझी भाची लीला, वय वर्षे बारा, गोष्ट अर्ध्यात तोडून म्हणाली, "नाना, मला कळलं. तो मायाळू वैद्यच शेवटी राक्षस निघणार."

"कशावरून गं?"

"तुमच्या गोष्टीत जो सगळ्यांत चांगला असतो तोच उलटतो. दर वेळी. का हो?"

पोरं हसली. मीही हसलो. तंबाखू मात्र घशात गेली.

का हो? — तेच सांगायला बसलोय, आणि बघा, अजून लीलेचंच कौतुक चाललंय.

तर, आज मी जळगावात एका जिनिंगच्या कचेरीत कारकून आहे. पण पंचविशीत मी मुक्या चित्रपटांच्या एका फिरत्या तंबूबरोबर हिंडत असे. कापूस घरात आला की तंबू निघे — धरणगाव, एरंडोल, धुळ्याच्या बाजूची गावं, मग उलट फिरून जामनेर. पडदा मुका. अधूनमधून त्यावर अक्षरांची पाटी येई, तीन भाषांत, मराठी सगळ्यांत खाली. समोर बसलेल्यांपैकी वाचता येणार कुणाला? म्हणून पडद्याच्या कडेला एक माणूस उभा करत. तो पाटी वाचे आणि चित्रातल्या सगळ्यांचं बोलणं बोले. तो माणूस मी. राजाही मी, राणीही मी, आणि घोडा खिंकाळला तर तोही मीच. आमच्या बोलीत वाचायचो, त्यामुळं मुंबईत काढलेल्या चित्रातली नटवी राणी आमच्या तंबूत 'काय करी ऱ्हायना रे भो?' असं विचारायची. लोक फिदा होते. यंत्र एकच, रीळ बदलायला वेळ लागे, तेवढा वेळ अंधारात गर्दी धरून ठेवायची तीही मीच.

त्या साली आमच्याकडे एक भीतीचं चित्र आलं. मोठी हवेली. तान्हं बाळ, वारस, दिवसेंदिवस सुकत चाललंय. खिडकीत एकडोळ्या नोकराचं तोंड दिसतं की बायका किंचाळत. बाळाची एक विधवा आत्या, फार प्रेमळ, चांदीच्या वाटीतून त्याला दूध पाजते. आणि एक हसरा भाचा — सगळ्या घराला गोष्टी सांगून रिझवणारा. शेवटच्या रिळात एकडोळ्या नोकर आत्याचा हात वाटीसकट धरतो. आत्या वाटीकडे बघते. तिचा चेहरा पालटतो — मी अनेक वेळा पाहिलंय ते, दर वेळी अंगावर काटा यायचा — डोळे आधी मोठे होतात, मग अगदी शांत. आणि पाटी येते: 'दुधात विष कालवणारा याच घरात हसत बसला आहे. मी ते पिऊन दाखवते.' ती वाटी तोंडाला लावते. भाच्याचं हसू मावळतं. नोकर खरा राखणदार असतो, तो भाच्याला दंड धरून ओढत नेतो. आत्या मरते. बाळ जगतं.

असं ते चित्र होतं. हे नीट लक्षात ठेवा.

आता अक्का. अक्का माझी आत्या. सारं गाव तिला अक्काच म्हणे. धरणगावाहून बैलगाडीनं दोन तासांवर आमचं गाव. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं. माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला तिनं वाढवलं. रोज सकाळी तिच्या ओट्यावर बायका तान्ही पोरं घेऊन येत. अक्का सहाणेवर बाळहिरडा, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, एकेकाचे मोजके वेढे उगाळून घुटी करे. आधी बोट स्वतःच्या जिभेला लावे, म्हणे, "पहिले मी चाखस, मंग तू," आणि मग बाळाला चाटवी. गावातलं एकही पोर त्या बोटाशिवाय मोठं झालेलं नव्हतं. मी धरून. तिचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच — ना शेत, ना मूल. तेवढा ओटा, तेवढी सकाळ.

आणि तिनं माझं लग्न मोडलं होतं.

मोडलं म्हणजे — मुलीचा बाप तिच्याकडे चौकशीला आला, त्यानं विचारलं त्याचं तिनं उत्तर दिलं. "पोऱ्या गोड शे. पन तो सांगस त्यामझार अर्धंच खरं धरा." बाप उठून गेला तो आलाच नाही. मला हे तिऱ्हाइताकडून कळलं. मी अक्काला काही बोललो नाही. मी तर त्या दिवशी तिला जास्तच हसवलं. हसवणाऱ्या माणसाच्या पोटात काय आहे हे ओळखणं फार अवघड असतं, नाही का?

दोन महिन्यांनी आमचा तंबू आमच्याच गावी लागला, बाजाराच्या आदल्या दिवशी. गावात धड वाचता येणारे एकटे शाळामास्तर, तेही रजेवर गेलेले. दिवेलागणीचा खेळ. अक्काला मी स्वतः हाताला धरून आणलं, बायकांच्या बाजूला, अगदी पुढं बसवलं. ती माझ्याकडे बोट दाखवून शेजारणींना सांगत होती, "मना दामू बोलस आते, ऐका." नवी साडी नव्हती, धुवट होती, पण घडी मोडलेली.

मी ठरवून गेलो होतो का? ती संध्याकाळ मनात शंभरदा फिरवून मी स्वतःला हा प्रश्न विचारलाय. ठरवलं नव्हतं म्हणालो तर ते अर्धं खरं धरा.

पहिल्याच रिळात आत्या वाटी घेऊन आली आणि माझ्या तोंडून अक्काचा आवाज निघाला. तंबूत हशा. अक्काही पदर तोंडाला लावून हसली — भाचा आपली नक्कल करतोय! दुसऱ्या रिळात पुन्हा वाटी आली, मी म्हणालो, "पहिले मी चाखस, मंग तू." आणखी मोठा हशा. अक्का चित्रात कधी गेली म्हणून एक बाई ओरडली, "अक्का, तू कवय गई व चित्रात?" इथपर्यंत सगळी गंमत होती. इथं थांबता आलं असतं.

शेवटच्या रिळाआधी यंत्र थांबलं. अंधार. गर्दी ओरडत होती, "कोन शे? एकडोळ्या ना?" आणि मी अंधारात, हळूच, विचारलं — "बाळाजवळ रोज कोण बसतं? ज्याची कूस रिकामी, त्याला दुसऱ्याची भरलेली मांडी बघवते का?"

कुणी हसलं नाही. एक पोर रडलं, त्याचं तोंड लगेच दाबलं गेलं.

रीळ सुरू झालं. एकडोळ्यानं हात धरला. आत्याचा चेहरा पालटला. पाटी आली. आणि मी वाचलं, मोठ्यानं, खणखणीत — "हो, मीच! मीच विष कालवलं! मला पोर नाही, तर कुणालाच नको!"

चित्र तेच. वाटी तीच. फक्त आता ती पकडली गेली म्हणून पीत होती. भाच्याला नोकर ओढत नेतो, ते मी 'दुःखानं वेडा झाला हो बिचारा, आवरा त्याला' असं सांगितलं. लोकांना पटलं! डोळ्यांदेखत गुन्हेगाराला धरून नेलं आणि तीनशे माणसं त्याच्यासाठी हळहळली. काय आवाज होता माझा.

हे झालं. पण मला जे सांगायचंय ते हे नाही.

शाळेत असताना मी चुलीपाशी बसून अभ्यास करायचो, तेव्हा अक्काला अक्षरं शिकवली होती. गंमत म्हणून. विधवा बाई वाचते म्हटलं तर गावानं टिंगल केली असती, म्हणून ती गोष्ट आम्हा दोघांतच राहिली. तिला मनात वाचता येत नसे. ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत वाचायची. मी हे साफ विसरलो होतो.

ती पाटी पडद्यावर होती, तिचा उजेड पुढच्या बायकांच्या तोंडावर पडला होता, मी ओरडून वाचत होतो — आणि अक्काचे ओठ हलत होते. माझ्या शब्दांबरोबर नव्हे. हळू, वेगळे. तिनं पाटी शेवटपर्यंत वाचली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य अजून माझ्या तोंडात होतं.

मी ते बोललो.

ती उभी राहून खरी पाटी वाचू शकली असती. मला तिथल्या तिथं लोकांनी तंबूच्या दोरीला बांधलं असतं. तिनं मान खाली घातली आणि साडीची घडी गुडघ्यावर सारखी केली.

बाहेर पडताना आमचा यंत्रवाला मला म्हणाला, "क्यूं भाई, आज फूफी ही डायन हो गई?" मी म्हणालो, गावाला तसं आवडतं.

चित्रातलं पात्र उलटलं की एक विलक्षण गोष्ट होते — मागची सगळी दृश्यं मनात पुन्हा फिरतात आणि वेगळीच दिसायला लागतात. ती मायेनं वाकली होती? छे, डाव साधत होती. गावानं घरी जाऊन तेच केलं, फक्त चित्र सोडून अक्काचं. मागच्या पावसाळ्यात अमक्याचं बाळ गेलं, त्याला घुटी कुणी दिली होती? तमकीचं सुकत होतं, कुणाच्या ओट्यावरून आल्यावर? सकाळी ओट्यावर दोघीच आल्या. एक म्हणाली, "आज नको अक्का, त्याले सर्दी शे." दुसरी नुसतीच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ होता. खरी पाटी वाचायला मला फक्त तोंड उघडायचं होतं. पण आसपासच्या गावांहून गाड्या भरून लोक आले होते, सगळ्यांना ती 'रिकाम्या कुशीची' ऐकायची होती. मी कालच्यापेक्षा सरस बोललो. जामनेरला गेल्यावर मात्र पाटी होती तशी वाचली. जामनेरला खरं बोलायला काय लागत होतं?

पुढं बोलपट आले, पडदा स्वतःच बोलू लागला आणि माझी नोकरी गेली. बरं झालं. अक्का त्या गावातच राहिली. ओटा रोज सारवायची, सहाण मांडायची. कुणी येत नसे.

माझं लग्न झालं ते शेजारच्या गावातल्या मुलीशी. दुसऱ्या दिवशीच्या त्या गाड्यांतल्या एका गाडीत ती होती, हे मला नंतर कळलं. "तुमच्या आवाजावरच भाळले मी," असं ती अजून पोरांना सांगते. मी मिशा पिळतो.

अक्काला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला मी शेवटचं पाहिलं ते इथं, जळगावात, माझा थोरला झाला तेव्हा. धरणगावापर्यंत गाडीनं आणि पुढं रेल्वेनं आली, एकटी. काखेत फडक्यात गुंडाळलेलं जड काहीतरी होतं. ती सहाण होती. हातपाय धुऊन बसली, बाळहिरडा काढला, मोजके वेढे उगाळले, बोट जिभेला लावलं.

"पहिले मी चाखस," ती म्हणाली, "मंग —"

बायकोनं बाळ पदराखाली ओढून घेतलं. "नको अक्का. त्याला दूध पुरतं."

अक्काचं बोट तसंच पुढं होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. ती मला काही विचारत नव्हती, मागत नव्हती. तंबूत पाहिलं होतं तसंच, तेवढाच वेळ. मी समोरच बसलो होतो. तिनंच येताना आणलेल्या केळ्यांतलं एक माझ्या हातात होतं. 'अगं, ते मी खोटं वाचलं होतं' — एवढंच म्हणायचं होतं.

"ऱ्हाऊ दे, माय," अक्का बायकोला म्हणाली. "दूध पुरस ना, मंग समदं बरं शे."

उरलेली घुटी तिनं स्वतः चाटून टाकली. सहाण धुतली, भिंतीशी पालथी ठेवली.

मी केळं सोललं आणि खाल्लं.